दिलेली चाल

आमच्या धंद्यात पडणाऱ्याला पैसे मिळायचे आणि लंगडणाऱ्याला घरी पाठवायचे. एवढं एक ध्यानात ठेवलंत की ऑरिन टॅकेटची निम्मी गोष्ट तुम्हाला कळली.

मी ओपल रेडिक. बावीस वर्षं मी सिनेमात नायिकांच्या ऐवजी घोड्यांवरून पडले. त्या केस सावरत खुर्चीत बसायच्या, मी त्यांचा झगा घालून धुळीत लोळायचे. तक्रार नाही. माझी दोन बोटं आणि एक दाढ सोडली तर माझं काही गेलं नाही. ऑरिनचं मात्र गेलं, आणि कुठे गेलं ते मला ठाऊक होतं, आणि मी शहाण्यासारखी तोंड मिटून बसले. ते सांगायलाच हे लिहितेय.

सत्तावीस सालच्या उन्हाळ्यात चॅट्सवर्थच्या खडकांत चार घोड्यांची गाडी उलटवायची होती. ऑरिन हाकत होता. गाडी ठरल्यापेक्षा दहा हात आधी उलटली आणि तो चाकाखाली आला. दृश्य झकास निघालं. दिग्दर्शक टाळ्या वाजवत आला तेव्हा ऑरिन दगडाला टेकून उभा होता, हसत होता, आणि त्याच्या ओठांना रंग नव्हता. संध्याकाळी मी आणि दुसऱ्या एका गड्याने त्याला माझ्या घरी नेऊन मागच्या खोलीत टाकला. माणसांच्या डॉक्टरकडे नेला असता तर दुसऱ्या दिवशी सगळ्या स्टुडिओंत बातमी गेली असती, आणि मोडका स्वार कोण बोलावतो? म्हणून घोड्यांचा डॉक्टर आणला. त्याने डावा खुबा चाचपला, मान हलवली आणि म्हणाला, "घोडा असता तर गोळी घातली असती."

सहा आठवड्यांनी ऑरिन उठला. हाड जुळलं होतं, पण वाकडं. पाय सरळ पडेना. मग तो माझ्या अंगणात रोज पहाटे चालायला लागला, आणि हळूहळू त्याने त्या लंगडण्याची ऐट बनवली. डावा पाय उचलायचा नाही, कमरेतून सावकाश फिरवून पुढे टाकायचा. मग अर्धा क्षण थांबायचं, समोरच्याला पळून जायची शेवटची संधी द्यावी तसं. डाव्या हाताचा अंगठा पट्ट्यात खोवायचा, म्हणजे कळ आली की खुबा दाबता येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, गडी आरामात आहे. पंधरा दिवसांत तो कामावर हजर झाला. कुणाला संशय आला नाही. उलट लोक म्हणायला लागले, टॅकेटला काय मस्ती चढलीय बघा.

आता आमच्यातली एक रीत सांगते. सकाळी काम मिळेल म्हणून आम्ही सगळे स्वार कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानासमोर उभे राहायचो. आत कॉफी मिळायची. तिथे कुणाची टोपी मागे सारायची पद्धत असायची, कुणाची काडी पेटवायची, कुणाचा डोळा बंदुकीच्या दारूने भाजून अर्धा मिटलेला असायचा. दुसऱ्याची लकब कुणी चोरायची नाही. हवी असेल तर टोपी काढून मागायची. देणाऱ्याने दिली की त्याने जन्मात पुन्हा "ती माझी" म्हणायचं नाही. आणि घेणाऱ्याने ती पुढे कुणाला दिली तर देताना पहिल्या मालकाचं नाव सांगायचं. बस. कागद नाही, साक्षीदार नाही. मला कपाळावरची बट फुंकरीने उडवायची सवय होती. एका नायिकेने ती मागितली, मी दिली. दहा वर्षांनी तिने ती एका नव्या पोरीला शिकवली आणि माझं नाव सांगितलं. ती पोरगी मला शोधत माझ्या दारात आली होती. त्या दिवशी मी रडले, खोटं कशाला बोलू.

एकतीस साली वेस्ली स्टॅनफिल्ड त्या कोपऱ्यावर आला. ओहायोत बूट विकत होता. चेहरा देवाने फुरसतीत घडवलेला, पण चालायला लागला की बुटाचा खोका घेऊन गिऱ्हाईकाकडे निघाल्यासारखा. त्याला नायकाचं काम मिळालं होतं आणि घाम फुटला होता. कुणीतरी त्याला रीत सांगितली असावी. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "टॅकेटसाहेब, तुमची चाल मला द्याल का?"

ऑरिन हसला. त्याला साहेब कुणी म्हटलं नव्हतं. तीन दिवस माझ्या अंगणात त्याने वेस्लीला चालवला. खुब्याचं मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम गेलं असतं. वेस्लीला वाटलं, ही नुसती ऐट आहे. त्याने ती घेतली, थोडी गुळगुळीत केली, आणि दोन वर्षांत शाळेतली पोरंसुद्धा तसं चालायला लागली.

मुलाखतींत वेस्ली सांगायचा की ही चाल त्याला आरशासमोर सापडली. ऑरिन ते वाचायचा, मासिकाची घडी घालायचा आणि चुलीत टाकायचा. मी एकदा भडकले तेव्हा म्हणाला, "मासिकवाल्याला त्याने चाल दिली का? नाही ना? मग नाव सांगायचा प्रश्नच कुठे आला. पुढे देईल तेव्हा सांगेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"सांगेल गं. टोपी काढून मागितलीय त्याने."

ऑरिनने नोराशी लग्न केलं, लाइल झाला. नोरा माझी मैत्रीण, म्हणून मी लाइलची मावशी. पोरगा अकरा वर्षांचा असताना ती गेली आणि खुब्याची गोष्ट माहीत असलेलं घरातलं एकमेव माणूस गेलं. ऑरिनने पोराला कधीच सांगितलं नाही. लपवायची सवय हाडात मुरली होती. शिवाय पोरगं कुठे बोललं तर काम जाईल ही भीती साठीतही सुटली नव्हती.

मग लाइलने काय समजावं? तो डोळ्यांनी बघत होता तेच. पडद्यावर वेस्ली स्टॅनफिल्ड रुबाबात चालतो, आणि आपला बाप, ज्याला कधी एक वाक्य बोलायला मिळालं नाही, तो भाजी आणायलाही वेस्लीसारखाच चालत जातो. न्हाव्याच्या दुकानात लोक म्हणायचे, "आला रे, वेस्ली आला. घोडा बाहेर बांधलास का?" ऑरिन हसून टोपीला हात लावायचा. लाइलचे कान लाल व्हायचे. बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर तो बापाच्या दहा पावलं मागे चालायला लागला. ऑरिनच्या ते ध्यानात आलं होतं. तो बोलला नाही, फक्त मधूनच बुटाचा बंद बांधायला थांबायचा, म्हणजे पोरगा जवळ येईल. पोरगा पण थांबायचा.

अठ्ठावन्न साली वेस्लीने टीव्हीसाठी मालिका काढली. त्याच्याच नावाची, त्याच्याच तरुणपणाची. तरुण वेस्ली म्हणून त्याने लाइलला निवडलं. सव्वीस भागांचा करार. लाइल पंचवीस वर्षांचा होता, पेट्रोल पंपावर गाड्यांच्या काचा पुसत होता. आठवडाभर वेस्लीने त्याला आपल्या बंगल्यावर बोलावून चाल शिकवली.

तो आठवडा ऑरिनने कसा काढला ते मी पाहिलंय. दोनदा दाढी करायचा दिवसातून. सत्तावीस वर्षांनी त्याचं नाव त्याच्या घरी परत येणार होतं, आणि तेही पोराच्या तोंडून. त्याला दुसरं काही नको होतं. ना पैसा, ना मासिकात फोटो.

रविवारी लाइल न्यूहॉलला बापाच्या घरी आला. नोरा गेल्यापासून तिथली चूल मीच सांभाळायचे; मी घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव केला होता. ऑरिनने त्याला पोटभर जेवू दिलं. मग काट्याने ताटलीत रेघा ओढत म्हणाला, "काय म्हणतो वेस्ली?"

"तुम्हाला नमस्कार सांगितलाय. म्हणाला, टॅकेटचा पोरगा म्हणूनच घेतला तुला."

"असं म्हणाला?" ऑरिनचा चेहरा उजळला. "आणि चाल? चालीबद्दल काय म्हणाला? म्हणजे, कुठून आली वगैरे?"

"आरशासमोर सापडली म्हणाला. मोठा किस्सा आहे तो. नव्या बुटांनी पाय चावला होता…"

"आणखी कुणाचं नाव घेतलं?"

"कुणाचं घेणार?"

ऑरिनने काटा खाली ठेवला. मला वेस्लीची मान मुरगळावीशी वाटली. मालकाच्या पोराला मालकाची वस्तू देताना सुद्धा त्या बूटविक्याची जीभ वळली नाही. इतकी वर्षं आरसा आरसा केल्यावर त्याला बहुतेक आरसाच खरा वाटायला लागला असेल. पण टोपी तर त्यानेच काढली होती ना?

मग ऑरिन म्हणाला, "चालून दाखव बघू."

लाइल चुलीपासून दारापर्यंत चालला. रुबाबदार होतं. ऑरिन बारकाईने बघत होता. "टाच उशिरा टेकव," तो हळूच म्हणाला. "आधी वजन कमरेवर घे. नाहीतर पाय फिरतो, माणूस फिरत नाही."

लाइल हसला. वाईट हसला नाही, थकून हसला. "बाबा, राग मानू नका. तुम्ही आयुष्यभर त्याची नक्कल करताय आणि अजून तुम्हाला जमलेली नाही. मला तरी नका शिकवू."

माझं तोंड उघडलंच होतं. ऑरिन माझ्याकडे न बघता म्हणाला, "ओपल, कॉफी ओत."

मी ओतली. निम्मी बशीत सांडली.

"आणखी एक सांगायचं होतं," लाइल म्हणाला. "शनिवारी मालिकेच्या रँचवर वर्तमानपत्रवाले येणार आहेत. मांस भाजणार, बॅन्ड वगैरे. घरच्यांनाही बोलावलंय. तुम्ही या. पण…" तो टेबलावरचे पावाचे कण गोळा करायला लागला. "त्या दिवशी तसं चालू नका. साधे चाला. फोटो काढणारे असतील. बाप नकली, पोरगा नकली, असं छापून आलं तर माझं काम संपलं. एवढा एक दिवस, बाबा."

"एवढंच ना?" ऑरिन म्हणाला. "साधा चालेन की."

लाइल गेल्यावर मी भांडी अशी आदळली की एक कप फुटला. "सांगून टाक त्याला."

"मी दिलीय ओपल. दिलेलं आपलं म्हणायचं नाही."

"आणि घेणारा नाव गिळून बसला ते?"

"ते त्याचं पाप. त्याने रीत मोडली म्हणून मीही मोडू?" मग फुटक्या कपाचे तुकडे उचलत म्हणाला, "आणि आता सांगून काय? पोरगा म्हणेल, म्हातारा माझ्या कामावर हक्क सांगायला आला."

पाच दिवस तो तबेल्यात सरळ चालायचा सराव करत होता. डाव्या बुटात चामड्याचे तीन तुकडे घातले, पट्ट्याने खुबा आवळून बांधला. मी दाराच्या फटीतून बघायचे. भिंतीला धरून सरळ पाऊल टाकायचा आणि घोड्याच्या मानेत तोंड खुपसून उभा राहायचा. तेव्हा मी आत जाऊन त्याला थांबवायला हवं होतं. पण मी रागावले होते, पोरावर, वेस्लीवर, आणि सगळ्यांत जास्त त्याच्यावर. म्हटलं, घे, भोग तुझ्या इमानदारीची फळं.

शनिवारी रँचवर दीडशे माणसं होती. वेस्ली पांढरी टोपी घालून लाइलच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. ऑरिन फाटकापाशी गाडीतून उतरला. फाटकापासून त्यांच्यापर्यंत चाळीस पावलं असतील. मी त्याचा दंड धरायला गेले तर म्हणाला, "सोड. बायको नाहीस माझी."

आणि तो चालला. सरळ. डावा पाय उचलून, दोन्ही हात बाजूला सोडून, बँकेतल्या कारकुनासारखा. तीस वर्षांत मी त्याला तसा चालताना बघितला नव्हता. मानेची शीर ताठ झाली होती आणि तो हसत होता, अगदी त्या दगडाला टेकून हसला होता तसाच. लाइलने पाहिलं. त्याचा जीव भांड्यात पडलेला मला लांबूनही दिसला. त्याने बापाला हात केला. वेस्लीही बघत होता, आणि त्याचा चेहरा जरा गोंधळला. तो ओळखीची चाल शोधत होता, ती दिसत नव्हती.

एकतीस पावलं झाली. मी मोजत होते. मग काहीतरी वाजलं, वाळलेली फांदी मोडावी तसं, आणि ऑरिन जागच्या जागी खाली बसला. फोटोवाले धावले. ऑरिन लाइलला म्हणाला, "घसरलो रे. तू फोटो काढून घे."

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने एक्स-रे उजेडासमोर धरला आणि लाइलला विचारलं, "यांना आधी कुठे दाखवलं होतं?"

"कशासाठी?"

"ही आजची मोड. आणि ही बघा, ही जुनी. वाकडी जुळलेली. तुमच्या वयापेक्षा मोठी असेल. इतकी वर्षं हे चालले कसे तेच मला कळत नाही. नीट पाऊल टाकणं शक्यच नव्हतं यांना."

लाइल त्या काळ्या कागदाकडे बघत राहिला. मग मला बाहेर जिन्यापाशी घेऊन आला.

"मावशी, हे कधीचं?"

"सत्तावीस सालचं."

"आणि वेस्लीचं पहिलं चित्र?"

"एकतीस."

पोरगा हुशार होता. आणखी काही विचारावं लागलं नाही. मी तरीही सगळं सांगितलं, गाडी, घोड्यांचा डॉक्टर, माझं अंगण, तीन दिवस, टोपी. सांगता सांगता माझ्याच डोक्यात उजेड पडला. तोंड मिटायचं बंधन देणाऱ्यावर होतं. मी देणारी नव्हते. मला रीत अडवत नव्हती. हे मी त्या पोराला तो दहा पावलं मागे चालायला लागला तेव्हाच सांगू शकले असते. इतक्या वर्षांत मला ते एकदाही सुचलं नाही, आणि लोक मला तिखट बाई म्हणतात.

लाइल आत गेला. पलंगाशी गुडघ्यावर बसला. "बाबा, ती चाल तुमची आहे."

ऑरिनचे डोळे औषधाने जड झाले होते. "कोण म्हणतं?"

"ओपल मावशी. डॉक्टर."

"ओपलचं वय झालं. आणि त्या डॉक्टरला मिशीसुद्धा फुटली नाही अजून." त्याने पोराच्या डोक्यावर हात ठेवायचा प्रयत्न केला, तो कानावर पडला. "शिडीवरून पडलो होतो लहानपणी. चाल वेस्लीची. नीट शीक."

"एकदा म्हणा फक्त. बाबा, एकदा."

ऑरिनने डोळे मिटले. पुढे नऊ दिवस तो होता. लाइल रोज विचारायचा आणि तो रोज शिडीची गोष्ट सांगायचा. दर वेळी शिडी थोडी उंच व्हायची. दहाव्या दिवशी छातीत कफ भरला आणि तो गेला.

दफनाला वेस्लीने फुलं पाठवली, स्वतः आला नाही. कोपऱ्यावरचे जुने स्वार आले. बारा-तेरा उरले होते. चाल मुळात कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. लाइलने एकेकाला विचारलं, आणि एकेकाने टोपी हातात फिरवत जमिनीकडे बघितलं.

त्यानंतरच्या सोमवारी चित्रण सुरू झालं. लाइलने मला बरोबर नेलं. लाकडी गावातला रस्ता, दोन्हीकडे खोटी दुकानं, एका टोकाला कॅमेरा. त्याने दुसऱ्या टोकाहून चालत यायचं होतं. बोलायचं काही नव्हतं.

तो निघाला. त्याने वेस्लीने शिकवलेलं सगळं बाजूला ठेवलं होतं. टाच उशिरा टेकत होती. वजन कमरेवर होतं. प्रत्येक पावलाला ती कळ, ती दाबून धरलेली कळ, चेहऱ्यावर न आणता पाय पुढे येत होता. अंगठा पट्ट्यात नव्हता नुसता, दाबत होता. ऑरिन टॅकेट भर उन्हात माझ्या समोरून चालत आला, आणि मी तोंडावर रुमाल धरला.

"थांबवा," दिग्दर्शक म्हणाला. भला माणूस होता, ओरडला नाही. तो लाइलजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काय होतंय? बरं नाही का? लंगडा वाटतोयस."

लाइलने पट्ट्यातून अंगठा काढला.

"घरी दुःख झालंय, मला माहीत आहे. उद्या करू हवं तर. पण हे नको. लोकांना वेस्ली स्टॅनफिल्ड बघायचाय, कुणी अपंग म्हातारा नाही."

लाइलने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार होते? सव्वीस भाग होते, आणि त्याला काचा पुसायला परत जायचं नव्हतं, आणि जाऊही नये असं मलाही वाटत होतं. त्याने नाक पुसलं, टोपी नीट केली.

"उद्या कशाला," तो म्हणाला. "आत्ताच करतो."

तो परत त्या टोकाला गेला आणि वेस्लीसारखा चालत आला. दिग्दर्शक म्हणाला, हे बरोबर, असंच ठेव. सव्वीसही भागांत त्याने ते तसंच ठेवलं.